छापलेलं चाक

घरातल्या मिक्सरचा एखादा भाग मोडला आणि तो बनवणारी कंपनीच बंद पडलेली असली, तर आई काय करते? दोन-चार दुकानं पालथी घालते आणि शेवटी नवा मिक्सर आणते. पण अणुभट्टी अशी बदलता येते का?

स्लोव्हेनिया या चिमुकल्या देशात क्रश्को इथे अणुवीजकेंद्र आहे. तिथे आग विझवायला दाबानं पाणी पुरवणारा एक पंप १९८१ पासून चालू. त्यातलं फिरतं चाक हवं होतं, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली! चाक केवढं? १०८ मिलिमीटर, म्हणजे पुरीएवढं. पण आग लागली आणि पंप अडला तर?

सीमेन्सच्या तंत्रज्ञांनी जुन्या चाकावरून संगणकात हुबेहूब नमुना केला आणि चाक चक्क छापलं! या छपाईत शाई नसते. धातूच्या भुकटीचा केसाहून पातळ थर पसरायचा. लेझरचा किरण हवी तेवढीच भुकटी वितळवतो, ती घट्ट होते. त्यावर दुसरा थर, तिसरा, असे शेकडो. शेवटी उरलेली भुकटी झटकली की वस्तू तयार.

गंमत आहे ना? पण खरी मेख पुढेच आहे. भुकटी नीट वितळली नाही, तर आत बारीक पोकळ्या राहतात. इडलीला जाळी पडली तर आपण खूश होतो. इथे तीच जाळी घात करते, आणि वरून दिसतही नाही! म्हणून त्या चाकाच्या कित्येक महिने चाचण्या झाल्या. माणसाचा काढतात तसा सीटी स्कॅनही काढला. मगच ते बसवलं. ही बातमी २०१७ च्या मार्चमध्ये आली.

अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात २०२१ साली त्याहून धीट पाऊल पडलं. छापलेल्या चार पकडी थेट भट्टीच्या आत, इंधनाच्या जुडग्यांवर बसवल्या. तिथली भट्टी पाणी उकळवणारी, आपल्या तारापूरच्या १९६९ मधल्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या जातीची. (बोरिवलीकरांनो, तारापूर म्हणजे तुमच्याच लाइनवरचं बोईसर!)

घाटकोपर-मुलुंडकरांना तर ट्रॉम्बे आणखी जवळ. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ सुरू झाली, तेव्हा असली छपाई कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आज इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आपले शास्त्रज्ञ लेझरनं धातूची भुकटी वितळवून भाग घडवतात.

आता सांगा, तुम्ही परीक्षक असता, तर त्या चाकाची आणखी कोणती परीक्षा घेतली असती? आई-बाबांनाही विचारा बरं का!