भाकरी, वरण आणि स्नायूंची पुनर्बांधणी

मधुमेह, हृदयविकार किंवा दीर्घकालीन फुप्फुसविकार असलेल्या रुग्णाला ठरवून दिलेला व्यायाम स्नायूंना बळकट होण्याची चालना देतो, परंतु त्यासाठी लागणारी प्रथिने आहारातूनच यावी लागतात. निरोगी प्रौढासाठी भारतीय शिफारस दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. दीर्घ आजार असलेल्या वृद्धांसाठी तज्ज्ञ 1.2 ते 1.5 ग्रॅम सुचवतात, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

या दृष्टीने परभणी जिल्ह्यातील रोजचे जेवण विलक्षण मोलाचे आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक मूलघटक, कमी असते आणि तुरीच्या डाळीत ते मुबलक असते, त्यामुळे भाकरीसोबत घट्ट वरण असले की दोन्हींची प्रथिने एकमेकांना पूरक ठरतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सहकार्याने 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हे जैवसंपृक्त, म्हणजे पैदाशीतूनच पोषणमूल्य वाढवलेले, ज्वारीचे वाण दिले. त्याच्या किलोभर धान्यात सुमारे 45 मिलिग्रॅम लोह व 32 मिलिग्रॅम जस्त असते. लोह कमी पडले की स्नायूंना प्राणवायू अपुरा मिळून रुग्ण लवकर थकतो. धान्यातील फायटेट हे संयुग लोहाचे शोषण रोखते, म्हणून वरणावर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र व्यायामापूर्वी रक्तशर्करा तपासावी, कारण उपाशीपोटी ती धोकादायकरीत्या उतरू शकते.