अँडीजचा बर्फ कोणत्या खिंडीने गाठावा?

एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज येतो आणि त्यात एल निनोचं नाव दिसलं की मराठवाड्यातल्या शेतकऱ्यापासून मंत्रालयातल्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. नेमक्या त्याच बातमीने मध्य चिलीतल्या स्की-हॉटेलवाल्यांना हुरूप येतो. विषुववृत्ताजवळचं प्रशांत महासागराचं पाणी तापलं की चिलीच्या मध्यभागावर हिवाळी वादळांच्या फेऱ्या वाढतात आणि सांतियागो शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या अँडीजवर बर्फाचे थर चढतात.

या नात्याचा शोध आपल्याच पावसाच्या काळजीतून सुरू झाला. १९०४ ते १९२४ या काळात भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा आगाऊ अंदाज बांधण्यासाठी जगभरची निरीक्षणं गोळा करत होते. त्यांच्या सूत्रांमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या हवेच्या दाबालाही जागा होती. प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे त्यांनी दाखवलं, आणि एल निनोशी जोडलेल्या या हेलकाव्याला त्यांनी दिलेलं ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव आजही वापरात आहे. आपला पाऊस ओळखायला वॉकरसाहेब दक्षिण अमेरिकेच्या वायुभारमापकाकडे पाहत होते. जुलै-ऑगस्टमध्ये अँडीजवर स्कीइंगला जाऊ पाहणाऱ्याने आपल्या मान्सूनच्या बातम्या वाचायला हरकत नाही.

मात्र हे गणित सरळ नाही. १९९७ साली प्रचंड एल निनो होता. मध्य चिलीत त्या हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ धो धो कोसळला, पण भारतातला मान्सून सरासरीइतकाच झाला. पुढच्याच वर्षी चिलीत कडक दुष्काळ. २०२३ मध्ये पुन्हा एल निनो आला. आपल्याकडे १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला, तर मध्य चिलीत जूनमध्येच मोठी वादळं धडकली. पण ती उबदार होती. जिथे बर्फ पडायचा तिथेही पाऊसच पडला आणि नद्यांना पूर आले. त्यात २०१० पासून मध्य चिलीत दीर्घ अवर्षणाचा काळ सुरू झाला, त्याला तिथले शास्त्रज्ञ ‘महादुष्काळ’ म्हणतात. तेव्हा वर्षभर आधी पैसे भरून एकाच अक्षांशावर सगळी भिस्त ठेवणं हा जुगार आहे. सहलीत एकाहून अधिक ठिकाणं घ्यावीत ती याचसाठी. यादीत नावं वाढावीत म्हणून घेऊ नयेत.

चिली आणि अर्जेंटिनातली स्कीची ठिकाणं ३३ ते ५५ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान, उत्तर-दक्षिण सुमारे अडीच हजार किलोमीटरांवर विखुरली आहेत. त्यांच्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. उत्तरेकडची उंच, कोरडी, उघडीबोडकी: वादळं थोडी, पण आली की मीटरच्या हिशोबात बर्फ टाकतात आणि मग आठवडाभर लख्ख ऊन. दक्षिणेकडची बुटकी, ओली, जंगलांनी वेढलेली: बर्फ वरचेवर पडतो, पण पायथ्याशी त्याचा पाऊस होतो. एल निनोचा हात उत्तरेत जोरकस चालतो, दक्षिणेत त्याचं फारसं चालत नाही. म्हणून दोन्ही जातींतलं एकेक ठिकाण निवडावं. एक साफ फसलं तरी दुसरं हाताशी राहतं.

उत्तरेतलं माझं मत पोर्तियोला. सांतियागोहून सुमारे १६० किलोमीटर, अर्जेंटिनाच्या सरहद्दीला टेकलेलं, समुद्रसपाटीपासून २,८८० मीटरवर. इथे गाव नाही, बाजार नाही. लागुना देल इंका या तळ्याच्या काठी एक पिवळंधमक हॉटेल आणि भोवती डोंगर. या जागेचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो. चिलीतलं लोस आंदेस आणि अर्जेंटिनातलं मेंदोसा यांना जोडणाऱ्या अँडीजपार रेल्वेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहणी चालू होती. त्या कामावरचे नॉर्वेजियन अभियंते हिवाळ्यात स्कीवरून हिंडत. १९१० मध्ये गाडी धावू लागली, तेव्हा हौशी मंडळी तिच्यातून वर जात आणि बर्फावरून घसरत खाली येत. लिफ्ट यायच्या आधी आगगाडीच लिफ्ट होती. हॉटेल १९४९ मध्ये सरकारने उघडलं आणि १९६१ मध्ये ते अमेरिकन मालकांकडे गेलं.

ऑगस्ट १९६६ मध्ये इथे जागतिक अल्पाइन स्कीइंग अजिंक्यपद स्पर्धा झाली. दक्षिण गोलार्धात ही स्पर्धा त्याआधी कधी झाली नव्हती, त्यानंतरही आजवर झालेली नाही. वर्षभर आधीच्या वादळात आणि हिमप्रपातांत लिफ्टची वाताहत झाली होती, ती उभी करून ही स्पर्धा पार पडली. फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीने डाउनहिल जिंकली आणि दीड वर्षाने ग्रनोबलच्या ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेतली. १९७८ मध्ये स्टीव्ह मॅकिनी या अमेरिकनाने इथल्याच उतारावर ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडला. स्कीवर तोवर कुणीच ते केलं नव्हतं.

पोर्तियोची खरी गंमत मात्र तिथल्या एका लिफ्टमध्ये आहे. काही उतारांवर हिमप्रपात इतके नेमाने येतात की खांब रोवले तर ते पुढच्या वादळात वाहून जातील. म्हणून खांबच नाहीत. वर कड्याला तारेचं टोक बांधलेलं, आणि खाली दांड्याला पाचजण एका ओळीत. यंत्र सुरू झालं की पाचही जण अंगावर येणाऱ्या वेगाने उभ्या उतारावरून वर खेचले जातात. वर पोहोचल्यावर एकेकाने ठरलेल्या क्रमाने दांडा सोडायचा. एकाने गडबड केली तर पाचही जण आडवे. नवख्यांनी हे लांबूनच बघावं.

इथला मुक्काम बहुधा शनिवार ते शनिवार असा आठवड्याचा असतो. चार वेळचं खाणं भाड्यातच येतं. पाहुणे सारे मिळून साडेचारशेच्या आसपास, त्यामुळे लिफ्टपाशी रांगा जवळजवळ नसतात. पहिल्या रात्री डोकं दुखेल, कारण गुलमर्गच्या तळापेक्षाही ही जागा उंच आहे आणि तुम्ही समुद्रसपाटीजवळून काही तासांत वर आलेले असता. पहिला दिवस पाणी पिण्यात आणि तळं बघण्यात घालवावा. वाईनचा मोह तिसऱ्या दिवसापर्यंत आवरावा.

सांतियागोच्या डोक्यावरच एल कोलोरादो, ला पार्वा आणि व्हाये नेवादो ही ठिकाणं आहेत. व्हाये नेवादो १९८८ मध्ये फ्रेंच धर्तीवर उभं राहिलं आणि ते ३,००० मीटरच्या वर आहे. घाटाच्या वळणांना क्रमांक दिलेले आहेत, आणि गर्दीच्या दिवशी सकाळी फक्त वर, दुपारनंतर फक्त खाली अशी वाहतूक सोडतात. शनिवार-रविवारी सगळं सांतियागो तिथे लोटतं. पावसाळ्यातल्या रविवारचं लोणावळा ज्याने पाहिलं आहे, त्याला जास्त सांगायला नको. मधल्या वारी एखादा दिवस ठीक.

आता खिंडीचा प्रश्न. नकाशा समोर ठेवला की पोर्तियोहून थेट पूर्वेला सरहद्द ओलांडून मेंदोसाला उतरावं असं कुणालाही वाटतं. वाट देखणी आहे यात वाद नाही. डार्विन १८३५ मध्ये याच उस्पायाता खिंडीतून चिलीत परतला होता. जुन्या वाटेवर, ३,८३२ मीटरवर, १९०४ मध्ये उभारलेला ख्रिस्ताचा पुतळा आहे. दोन्ही देशांचा सीमातंटा युद्धाशिवाय मिटला, त्याची ती खूण. आजची वाहनं १९८० मध्ये खुल्या झालेल्या तीन किलोमीटरच्या बोगद्यातून जातात. हाच रस्ता हिवाळी वादळात बंद होतो, कधी काही तास तर कधी सलग काही दिवस, आणि दोन्ही बाजूंना मालट्रकांच्या रांगा लागतात. मेंदोसाहून विमान पकडायचं आहे आणि तुम्ही खिंडीच्या चुकीच्या बाजूला आहात, अशी वेळ येऊ शकते.

ही खिंड पकडायचा मोह होतो तो बहुतेकदा लास लेन्यासमुळे. मेंदोसा प्रांतातलं हे ठिकाण १९८३ मध्ये सुरू झालं. मार्ते नावाची लिफ्ट तिथल्या खड्या उतारांचं दार उघडते, आणि त्या उतारांसाठी जगभरचे पट्टीचे स्कीअर येतात. पण वारा सुटला की मार्ते बंद, आणि तिथे वारा वारंवार सुटतो. १९७२ मध्ये उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान याच परिसरातल्या पर्वतात कोसळलं. ४५ पैकी १६ जण ७२ दिवसांनी जिवंत परतले. त्यावरून इथल्या पर्वतांची कल्पना यावी. वाट बघायला चार-पाच मोकळे दिवस आणि पक्का हात असेल तरच लास लेन्यासला जावं. बाकीच्यांनी त्याला रामराम ठोकावा.

माझ्या आखणीत पोर्तियोहून सांतियागोला परतायचं, विमानाने दक्षिणेला प्युएर्तो मोंतला जायचं आणि तिथून बसने कार्देनाल सामोरे खिंडीतून अर्जेंटिनात शिरायचं. ही खिंड जेमतेम १,३०० मीटर उंच. टायरांना साखळ्या बांधाव्या लागतात, तरी उस्पायाता खिंडीच्या मानाने ती बरीच भरवशाची. वाट जंगलांतून आणि तळ्यांच्या काठाने जाते. पलीकडे व्हिया ला अंगोस्तुरा या गावाला सेर्रो बायो हे छोटं, निवांत ठिकाण आहे. त्यापुढे नाउएल उआपी तळ्याच्या काठी बारिलोचे.

बारिलोचेत गिर्यारोहकांचा क्लब १९३१ पासून आहे. १९३६ मध्ये ऑस्ट्रियन स्कीपटू हान्स नोब्ल इथे आला आणि सेर्रो कातेद्रालचे उतार स्कीसाठी त्याने निवडले. पायथा अवघ्या १,०३० मीटरवर, म्हणजे वर बर्फ आणि खाली चिखल हे नेहमीचंच. पण लेंगा नावाच्या झाडांची राई उतारावर बरीच वरपर्यंत चढते. पोर्तियोत ढग उतरले की पांढऱ्यावर पांढरं, उतार कुठे संपतो ते कळत नाही आणि हॉटेलात बसून राहावं लागतं. बारिलोचेत झाडांच्या काळ्या खोडांमुळे वादळातही अंदाज येतो आणि दिवस वाया जात नाही. गाव चॉकलेटच्या दुकानांनी भरलेलं आहे आणि शाळा संपवून सहलीला आलेल्या मुलांनीही. २०११ मध्ये सरहद्दीपलीकडचा पुयेउए ज्वालामुखी जागा झाला आणि त्याच्या राखेने इथला विमानतळ बंद पाडला. निसर्गाने सहल उधळायचे किती प्रकार असतात!

अगदी दक्षिणेला उशुआयाजवळ १९९९ मध्ये सुरू झालेलं सेर्रो कास्तोर आहे. पायथा १९५ मीटरवर, हंगाम ऑक्टोबरपर्यंत. वेळ आणि पैसा उरला तर जावं. बोलिव्हियातल्या चाकाल्ताया हिमनदीचं नाव मात्र कुठल्याही जुन्या पुस्तकात वाचून यादीत घालू नये. ५,००० मीटरच्या वर असलेला जगातला सर्वांत उंच स्की-उतार म्हणून ती मिरवत असे. २००९ मध्ये ती पूर्ण वितळली.

काळ कोणता? हंगाम जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जुलैत दोन्ही देशांच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही चढे. ऑगस्टमध्ये थर बसलेला असतो आणि दिवसही मोठा होऊ लागतो. गणपतीत घराबाहेर राहणं जमत नसेल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरावा.

कागदपत्रांत दोन गोष्टी आपल्या लोकांकडून हमखास राहतात. अर्जेंटिना आणि वाटेत थांबलात तर ब्राझील, हे दोन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवलं नाही, तर परतल्यावर विलगीकरणात जावं लागू शकतं. दुसरी गोष्ट खाऊची. चिलीत शिरताना फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांबाबत तपासणी कडक असते. जे काही आहे ते फॉर्मवर लिहावं, लपवलं तर दंड होतो. बेसनाचे लाडू मुंबईतच संपवलेले बरे. दोन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातींकडून खात्री करून घ्यावी. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, ते वाहून नेऊ नयेत. पण पर्वतातल्या बचावकार्याचा खर्च भरून देणारा विमा मात्र इथूनच काढावा.

ज्याने आजवर स्की पायात घातलेली नाही, त्याने पहिल्याच झटक्यात एवढा खर्च करू नये. जानेवारी ते मार्च या काळात गुलमर्गच्या सरकारी संस्थेत आणि उत्तराखंडात औलीला स्कीचे वर्ग चालतात. या हिवाळ्यात त्यातला एक पुरा करा. वळता आणि थांबता येऊ लागलं, की ऑगस्टच्या पोर्तियोची खोली राखून ठेवा.