माडीवरची बंद खोली

जुन्नरच्या आमच्या सासरच्या वाड्याची माडी कित्येक वर्षे कुलपात होती. गेल्या जूनमध्ये पश्चिमेकडच्या डोंगरातले एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन दारात उभे राहिले. मुलींना कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण पावसाळ्यात संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही. "राहायची सोय झाली नाही, तर घरीच बसवणार," ते म्हणाले. सासूबाई मला आत बोलावून म्हणाल्या, "अगं, परक्याच्या पोरींची जोखीम कशाला?" त्यांचंही काही खोटं नव्हतं.

मला रमाबाई रानडे आठवल्या. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्या सासरी आल्या. न्यायमूर्ती त्यांना शिकवू लागले, तेव्हा घरातल्याच बायकांची बोलणी त्यांनी खाल्ली. पुढे १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, तेही रानड्यांच्याच वाड्यात! विधवा आणि गरजू बायका तिथे शिकून शिक्षिका, परिचारिका झाल्या. बाहेरगावच्या मुलींसाठी संस्थेने वसतिगृहही चालवलं. फर्ग्युसन कॉलेजसुद्धा १८८५ साली शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यातच सुरू झालं. शिक्षणाला आधी छप्पर मिळालं ते असं कुणाच्या तरी राहत्या घराचं.

वाडा यासाठी सोयीचाच. दिंडी दरवाजा एक, त्यामुळे येणारं-जाणारं माणूस कळतं. मधल्या चौकामुळे हाक मारली की ऐकू जाते. पण त्याचे दोषही आहेत. जिना अंधारा, विजेच्या तारा जुन्या, न्हाणीघर परसात. आम्ही माडी दिली, ती आधी एवढं करूनच: तारा बदलल्या, जिन्यात दिवा लावला, न्हाणीला आतून पक्की कडी बसवली. मुलींना स्वतःचं कुलूप दिलं. भाडं, जेवणाच्या आणि घरी येण्याच्या वेळा वडिलांसमोर कागदावर लिहून घेतल्या. त्यांचा पत्ता आणि फोन नंबर फडताळात चिकटवला. पोलीस ठाण्यातही नोंद केली.

परवा परीक्षेहून यायला मुलींना उशीर झाला. पाहते तो सासूबाई दिंडीत उभ्या! मला म्हणाल्या, "पोरी उपाशी असतील गं. पिठलं गरम ठेव."

तुमच्या घरातही अशी एखादी खोली कुलपात असेल. किल्ली कुठे ठेवलीय, तेवढं आज बघून ठेवा.