आयरिश नांवांची कुळकथा

२०१७ सालच्या जून महिन्यांत लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हां आपल्याकडील वृत्तपत्रांना मालवण तालुक्यांतील वराड या गांवाची एकदम आठवण झाली. त्यांचे वडील मूळचे मुंबईचे आणि घराणें वराडचें. तेव्हां आडनांवाचा उलगडा आपल्याला लागलीच झाला. गांवाच्या नांवाला 'कर' जोडून आडनांव करण्याची रीत आपलीच. पण वराडकरांच्या आधीं त्या पदावर जे गृहस्थ होते त्यांचें नांव एन्डा केनी. हें नांव नुसतें कानीं पडल्यावर ही कोणी बाई असावी, असा आपल्यापैकीं कित्येकांचा समज झाला असेल. वास्तविक एन्डा हें पुरुषाचें फार जुनें नांव आहे. आयर्लंडच्या पश्चिमेस ॲरन नांवाचीं बेटें आहेत, तेथें मठ स्थापणाऱ्या एका साधूचें तें नांव. आणि त्याच्या मुळाशीं आयरिश भाषेंतील पक्षी या अर्थाचा शब्द आहे. पक्ष्यासारखा तो एन्डा.

आयरिश पुरुषांच्या नांवांचें असेंच आहे. वरवर पाहतां तीं इंग्रजी वाटतात, किंवा कांहींच अर्थ नसलेलीं वाटतात. परंतु एकेका नांवाखालीं दुसरें एक नांव दडलेलें असतें. आणि तें कां दडलें, याला त्या देशाचा इतिहास कारण आहे. आज आपण या दडलेल्या नांवांचा थोडा शोध घेऊं.

प्रथम जनावरांपासून सुरुवात करूं. आपल्याकडे माणसाला कुत्रा म्हणणें ही शिवी आहे. प्राचीन आयर्लंडांत ती पदवी होती. शिकारी कुत्र्याला त्या भाषेंत 'कू' म्हणत, आणि वीराला कू म्हटलें कीं तो फुलून जाई. अल्स्टर प्रांताच्या जुन्या कथांतील सर्वांत मोठा योद्धा कूखलिन. याचें बाळपणचें नांव सेटंटा. कलन नांवाच्या लोहाराच्या घरीं मेजवानीला तो उशिरां पोहोंचला; राखणीचा भयंकर कुत्रा अंगावर आला, आणि या पोरानें त्याला ठार केलें. लोहार हळहळूं लागला, तेव्हां मुलगा म्हणाला कीं, याच जातीचें पिल्लूं वाढून मोठें होईपर्यंत तुझ्या घराची राखण मी करतों. तेव्हांपासून तो कूखलिन, म्हणजे कलनचा कुत्रा, झाला. आज जगभर ऐकूं येणारें कॉनर हें नांव याच शब्दापासून निघालें आहे. त्याचा अर्थ शिकारी कुत्र्यांवर प्रीति करणारा. आपल्या संस्कृतांतील 'श्वन्' आणि हा 'कू' हे एकाच मूळ शब्दापासून झालेले सख्खे भाऊ आहेत, हें सांगितलें तर तें परकें नांव थोडें जवळचें वाटूं लागेल.

अशीं भावंडें आणखीहि आहेत. आर्ट हें एक जुनें राजनाम. त्याचा अर्थ अस्वल, आणि तो शब्द आपल्या 'ऋक्ष' शब्दाच्या कुळांतला. फर्गस या नांवांतील पहिला भाग म्हणजे आपला 'वीर'. रीअन म्हणजे छोटा राजा. त्यांतील 'री' आणि आपला 'राजन्' एकच. केव्हिन हें नांव आतां इतकें सामान्य झालें आहे कीं त्याला कांहीं अर्थ असेल अशी शंकाहि येत नाहीं. पण तें मूळचें 'सौम्य जन्माचा' अशा अर्थाचें, आणि त्यांतील उत्तरार्ध आपल्या 'जन्' धातूचाच नातलग. सर्वांत मौज 'ए' या नांवाची आहे. लिहितांना त्याला चार अक्षरें लागतात, उच्चारतांना एकच स्वर उरतो. या एकाक्षरी नांवाचा अर्थ अग्नि. समिधा या शब्दांत जो 'इध्' धातु आहे त्याच्याशीं त्याचें नातें आहे. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागला कीं एडन होतो, म्हणजे लहानसा अग्नि. याच प्रत्ययानें रोनन होतो, तो सील नांवाच्या समुद्रप्राण्याचें पिल्लूं. आणि कीरन होतो, तो आपल्याकडचा काळू.

वनांतील हरिणांनाहि या नांवांत जागा आहे. फिन नांवाच्या वीराची पत्नी शापानें हरिणी झाली होती, अशी कथा आहे. तिचा मुलगा उशीन, म्हणजे पाडस. आणि उशीनचा मुलगा ऑस्कर, म्हणजे हरिणांचा मित्र. हा ऑस्कर घरापासून फार दूर भटकला. मॅकफर्सन नांवाच्या स्कॉटिश लेखकानें १७६० नंतरच्या कांहीं वर्षांत या कथांवर आधारलेलीं काव्यें प्रसिद्ध केलीं, आणि युरोपांतील वाचक त्यांवर लुब्ध झाले. नेपोलियनलाहि तीं फार प्रिय होतीं. त्याचा सेनापति बर्नाडोट याला १७९९ सालीं मुलगा झाला, त्याचें नांव ऑस्कर ठेवलें. पुढें बर्नाडोट स्वीडनचा राजा झाला, आणि १८४४ सालीं हा मुलगा पहिला ऑस्कर म्हणून गादीवर बसला. आयरिश हरिणांच्या कळपांतलें नांव असें स्वीडनच्या राजवाड्यांत जाऊन पोहोंचलें. लोक आज तें स्वीडिश समजतात.

उलट, जीं नांवें आपण अस्सल आयरिश समजतों तीं पुष्कळशीं परकीं आहेत. ११६९ सालीं नॉर्मन सरदार आयर्लंडांत उतरले. त्यांच्यांतील फ्रेंच वळणाच्या जॉनचें आयरिश जिभेवर शॉन झालें. कारण त्या भाषेंत 'ज' अक्षरच नाहीं. त्यापूर्वीं लॅटिनमधून आलेलें याच नांवाचें ओअन हें रूप तेथें होतेंच. तेव्हां एकाच जॉनचे त्या भाषेंत दोन अवतार झाले. विल्यमचा उल्यम झाला, आणि त्याचें शेपूट तेवढें शिल्लक राहून लिअम झाला. जेम्सचा शेमस झाला. या शेमसची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण रामाला हांक मारतांना 'रामा' म्हणतों, शब्दाचा शेवट बदलतों. गेलिक भाषांत हांक मारतांना शब्दाचा आरंभहि बदलतो, आणि शेमसचा 'हेमिश' होतो. स्कॉटलंडांत ही हांकच ऐकून लोकांनीं हेमिश हें स्वतंत्र नांव धरलें.

ख्रिस्ती धर्म आल्यावर साधूंचीं नांवें आलीं हें खरें. पण तीं थेट मुलांना ठेवण्याचें धारिष्ट आयरिश लोकांना कित्येक शतकें झालें नाहीं. पॅट्रिक हा त्या देशाचा आद्य साधु. हा स्वतः आयरिश नव्हता. ब्रिटनमध्यें जन्मलेल्या या मुलाला सोळाव्या वर्षाच्या सुमारास चांचे पकडून घेऊन गेले, आणि आयर्लंडांत गुलाम होऊन त्यानें सहा वर्षें गुरें राखलीं. त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थ 'उच्चकुलीन'! अशा पुरुषाचें नांव आपल्या पोराला कसें द्यावें? म्हणून ते 'पॅट्रिकचा सेवक' असें नांव ठेवीत; रामदास या नांवाची घडण आठवली म्हणजे हें चटकन् ध्यानांत येईल. सेवक या अर्थाचा एक शब्द 'गिला', दुसरा 'मेल'. या मेलचा मूळ अर्थ मुंडन केलेला. कोलम, म्हणजे कपोत, या नांवाचा साधु ५६३ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील आयोना बेटावर जाऊन राहिला. त्याच्या नांवानें मुंडन केलेला तो माल्कम. स्कॉटलंडच्या राजांचें हें भारदस्त नांव एवढें नम्र आहे. नुसतें पॅट्रिक हें नांव मात्र सतराव्या शतकापर्यंत क्वचितच आढळतें. पुढें तें इतकें वाढलें कीं इंग्रज लोक हरएक आयरिश मनुष्याला पॅडी म्हणूं लागले, आणि त्यांत आदर नसे.

येथपर्यंतचा इतिहास देवघेवीचा आहे. पुढचा तसा नाहीं. १३६६ सालीं किल्केनी येथें झालेल्या कायद्यांनीं आयर्लंडांतील इंग्रजांना आयरिश नांवें घेण्याची बंदी केली. १४६५ सालच्या कायद्यानें डब्लिनच्या आसपास राहणाऱ्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनांव घेण्याचा हुकूम झाला: एकाद्या गांवाचें, रंगाचें, नाहीं तर धंद्याचें. पण खऱ्या अर्थानें नांवें बुडालीं तीं कायद्यानें नव्हे, कागदानें. १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या, त्यांची भाषा इंग्रजी. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं आणि तितकींच देशांतर करून गेलीं. त्यांत आयरिश बोलणारा गरीब वर्गच अधिक. १८६४ पासून प्रत्येक जन्माची सरकारी नोंद होऊं लागली, आणि तीहि इंग्रजींत. कारकुनाला किंवा पाद्र्याला आयरिश नांव लिहितां येत नसे, किंवा लिहावयाचें नसे. मग तो त्याच्यासारखें दिसणारें एकादें नांव बायबलांतून वा रोमन इतिहासांतून काढी.

टाइग या नांवाचा अर्थ कवि. त्याचा कागदोपत्रीं टिमथी झाला. दोहोंच्या आरंभीं 'ट' आहे एवढेंच साम्य. कुत्र्यांवर प्रीति करणारा कॉनर रोमन कॉर्नेलियस झाला. डिअर्मिडचा जेरेमाया झाला. काहल म्हणजे रणांत सत्ता गाजविणारा. त्याचा चार्ल्स केला. अग्नि या अर्थाचा 'ए' ह्यू झाला. डोनल म्हणजे जगाचा स्वामी. त्याचा डॅनिएल झाला, ज्याचा हिब्रू अर्थ 'ईश्वर माझा न्यायाधीश'. १७७५ सालीं केरी परगण्यांत जन्मलेला प्रख्यात पुढारी डॅनिएल ओकॉनेल हा असाच एक डोनल. त्याची मातृभाषा आयरिश; पण ती मागें पडत चालली याचें त्याला फारसें दुःख नव्हतें, आणि इतिहासानेंहि त्याला डॅनिएल म्हणूनच ओळखलें. असे लक्षावधि लोक घरीं एका नांवानें जगले आणि दफ्तरांत दुसऱ्या नांवानें मेले. आज अमेरिकेंतले त्यांचे वंशज पणजोबा टिमथी यांचा शोध घेतात, तेव्हां चुलीपाशीं त्यांना टाइग म्हणत असतील हें त्यांच्या ध्यानींमनींहि नसतें.

१८९३ सालीं डग्लस हाइड व त्याचे सहकारी यांनीं आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक लीग ही संस्था स्थापन केली, आणि लोकांना आपलीं नांवें परत आठवूं लागलीं. डोनेगॉल परगण्यांतील नियल मॅक गिला व्रीदे नांवाच्या एका गृहस्थानें आपल्या गाडीवर आपलें नांव आयरिश लिपींत लिहिलें. आडनांवाचा अर्थ 'ब्रिजिडच्या सेवकाचा पुत्र'. म्हणजे मघांचा 'गिला' येथें पुन्हां भेटतो. गाडीवर मालकाचें नांव वाचतां येईल अशा अक्षरांत असलें पाहिजे असा कायदा होता, आणि हीं अक्षरें वाचतां येत नाहींत म्हणून त्याच्यावर खटला झाला. १९०५ सालीं तो डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयांत गेला. त्याचें वकीलपत्र घेतलें होतें पॅट्रिक पिअर्सनें. १९१६ च्या उठावांत ज्याला गोळी घालून मारलें तोच हा. पिअर्स खटला हरला. मनुष्याचें स्वतःचें नांव त्याच्याच देशांत वाचतां येण्याजोगें नाहीं, असा कायद्याचा अर्थ ठरला. तीन वर्षांनीं पिअर्सनें मुलांसाठीं आयरिश वळणाची शाळा काढली, ती एन्डाच्याच नांवानें.

त्याच १९०८ सालीं गेलिक लीगमध्यें एक तरुण शिक्षक दाखल झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्याचें नांव एडवर्ड होतें. तें टाकून त्यानें एमन हें नांव घेतलें. तोच पुढें एमन डी व्हॅलेरा म्हणून आपल्याकडेहि घरोघर माहीत झाला. काटेकोरपणें पाहिलें तर एमन हें एडमंडचें आयरिश रूप आहे, एडवर्डचें नव्हे. पण कारकुनांनीं टाइगचा टिमथी केला तेव्हां कोणी व्युत्पत्ति पाहिली नव्हती. तेव्हां या बाबतींत डी व्हॅलेराला दोष देण्याचें मला तरी कारण दिसत नाहीं.

अलीकडच्या वर्षांत आयर्लंडच्या जन्मनोंदींत रीअन, उशीन, कीअन हीं नांवें पुन्हां मोठ्या संख्येनें येऊं लागलीं आहेत, आणि टाइगहि आईबापांच्या आवडीच्या नांवांत बराच वर आला आहे. लेखन जुनेंच आहे. 'ब' किंवा 'म' पुढें 'ह' लिहावयाचा आणि 'व' म्हणावयाचें, ही रीत कायम आहे. त्यामुळें लंडनला नोकरीस गेलेल्या आयरिश तरुणाला आपलें नांव अजूनहि दोनदां सांगावें लागतें: एकदां उच्चारून, आणि मग एकेक अक्षर करून.