मोत्या आणि भोंगा

भोंगा वाजला, की आमचा मोत्या आधी खाटेखाली शिरायचा आणि मग गळा काढून रडायचा. साल 1971. गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. 3 डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि मुंबईत रात्रीचा ब्लॅकआऊट आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. आम्हा मुलांना हे सगळं समजावून सांगता येत होतं. मोत्याला कोण सांगणार?

दुसऱ्याच रात्री शेजारचे काका अण्णांना म्हणाले, "तुमच्या कुत्र्याच्या आवाजानं विमानं यायची इथे!" एरवी सगळे हसले असते, पण त्या अंधारात कुणी हसलं नाही. त्याच्या रडण्यानं चाळीतली लहान मुलं घाबरत होती, हेही खरंच. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णा हळूच म्हणाले, "इंजेक्शन देऊन त्याला मोकळं करावं का? उद्या खरंच बॉम्ब पडला तर हाल नकोत त्याचे." मी दहा वर्षांचा होतो. हातातला घास हातातच राहिला. आजी म्हणाली, "पडेल तेव्हा बघू. आज जिवंत आहे ना तो? मग आज त्याला पोळी घाल."

त्या रात्रीपासून भोंगा झाला, की आजी खाटेजवळ जमिनीवर बसायची, जुनं लुगडं त्याच्यावर पांघरायची आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून जप करायची. रडणं पुरतं थांबलं नाही, पण कण्हण्यावर आलं. 17 डिसेंबरला युद्ध थांबलं. मोत्या पुढे सात वर्षं जगला.

पुढे केव्हातरी लंडनची 1939 सालची हकीकत वाचली आणि अण्णांचा तो प्रश्न पुन्हा आठवला. युद्धाच्या तोंडावर तिथे एक पत्रक निघालं होतं. पाळीव जनावरं खेड्यात पाठवा, ते जमत नसेल तर त्यांना मारून टाकणंच दयेचं, असा त्याचा सूर. सार्वजनिक आश्रयस्थानांत जनावरांना मज्जाव होता. 3 सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं आणि जनावरांच्या दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. त्या पहिल्या काही दिवसांत एकट्या लंडनमध्ये सुमारे चार लाख कुत्री-मांजरं मारली गेली, असं इतिहासकार हिल्डा कीन यांनी लिहिलं आहे. रांगेतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांना अण्णांसारखीच काळजी होती. पण लंडनवर सलग बॉम्बहल्ले सुरू झाले ते 7 सप्टेंबर 1940 ला, म्हणजे तब्बल वर्षभरानं!

त्याच हल्ल्यांत पॉपलर भागात एका वॉर्डनला रिप नावाचं बेवारस कुत्रं सापडलं. उरलंसुरलं खाऊन ते तिथेच राहिलं आणि ढिगाऱ्याखालची माणसं हुंगून काढू लागलं. शंभराहून अधिक माणसं त्यानं शोधली. 1945 मध्ये त्याला डिकिन पदक मिळालं.

2022 मध्ये युक्रेनमधून परतताना आपल्या काही विद्यार्थ्यांनी कुत्री-मांजरं सोबत आणली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र आजीची आठवण झाली. नुसती माया पुरत नाही, हेही त्या मुलांकडून शिकावं. रेबीजच्या लसीचा दाखला, गळ्यातल्या पट्ट्यावर आपला पत्ता, मांजरासाठी झाकणाची टोपली, दोन आठवड्यांचं खाणं, एवढं तयार असलं तर ऐन वेळी धावपळ होत नाही. युद्धच कशाला, 26 जुलै 2005 चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत.

आमच्या घरी आता एक मांजर आहे. तिची टोपली दाराजवळच असते. आत आजीच्या लुगड्याचा एक तुकडा घातला आहे. दिवाळीत फटाके सुरू झाले, की ती आपणहून त्यात जाऊन बसते.