श्मशानातील देवी आणि हिशेबाची वही

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी आपल्याकडील व्यापारी नव्या वह्यांवर कुंकवाची स्वस्तिके रेखून लक्ष्मीपूजन करतात. त्याच रात्री, पण मध्यरात्रीच्या सुमारास, बंगालमध्ये कालीची पूजा चालते. एकीकडे कमळावर बसलेली, हातातून नाणी ओघळणारी प्रसन्न देवता. दुसरीकडे श्मशानात उभी असलेली, केस मोकळे सोडलेली, गळ्यात नरमुंडांची माळ असलेली काळी दिगंबरा. अर्थशास्त्र शिकविणे हा व्यवसाय असल्यामुळे प्रस्तुत लेखकाचा पहिल्या देवतेशी संबंध उघड आहे. (तो पुस्तकीच राहिला, ही गोष्ट निराळी!) परंतु हिशेबाच्या वहीशी दुसऱ्या देवतेचेही एक जुने नाते आहे, आणि काली म्हणजे जारणमारण, कवटी आणि काळी विद्या एवढेच समीकरण ज्यांच्या मनात पक्के झाले आहे, त्यांनी ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या रूपाविषयी. मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिव्हा सांगितल्या आहेत, त्यांतील पहिलीचे नाव काली. देवीमाहात्म्यात, म्हणजे आपल्याकडे नवरात्रात जिचे पाठ होतात त्या सप्तशतीत, ती अंबिकेच्या क्रोधाने काळवंडलेल्या भालप्रदेशातून प्रकट होते, चंड आणि मुंड यांचा वध करून चामुंडा हे नाव मिळविते, आणि रक्तबीजाचे रक्त भूमीवर पडण्यापूर्वीच पिऊन टाकते. येथवर ती रणदेवता आहे. तंत्रग्रंथांनी मात्र तिला रणातून उचलून तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी नेले. काल सर्वांना गिळतो आणि त्या कालालाही जी गिळते ती काली, अशी तिच्या नावाची फोड करण्यात आली. सर्व रंग जसे काळ्यात लोपतात, तशी सर्व भूते तिच्यात लोपतात, असा तिच्या वर्णाचा अर्थ महानिर्वाणतंत्राने लावला. गळ्यातील पन्नास मुंडे ही वर्णमालेची पन्नास अक्षरे. कमरेभोवतीचे तुटलेले हात म्हणजे माणसांची कर्मे. तिच्या डाव्या हातांत खड्ग आणि छिन्न मस्तक आहे हे सर्वांना दिसते. उजवे दोन हात अभय आणि वर देत आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. पायाखाली शिव निश्चेष्ट पडलेला असतो, कारण शक्तीवाचून शिव हा केवळ शव होय. ‘शिव’ या शब्दातील इकार काढला की काय उरते, हे वाचकांनीच पाहावे.

बाहेर काढलेल्या जिभेची गंमत तर विशेष आहे. पंडित सांगतात की लाल जीभ हा रजोगुण आणि तिला दाबून धरणारे शुभ्र दात हा सत्त्वगुण. बंगालमधील सामान्य गृहिणीला हा अर्थ ठाऊक नसतो. ती म्हणेल, रणाच्या आवेशात पतीच्या अंगावर पाय पडला, ते ध्यानात येताच देवीने जीभ चावली. चूक झाली की जीभ चावण्याची आपलीही रीत तीच आहे. एक आख्यायिका याच्याही पुढे जाते. नवद्वीपचे कृष्णानंद आगमवागीश हे ‘तंत्रसार’ या प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते. देवीची घरगुती पूजेस योग्य अशी मूर्ती कशी घडवावी, या चिंतेत ते होते. पहाटे उठताच जी स्त्री प्रथम दिसेल तिच्या रूपात घडव, असा त्यांना दृष्टांत झाला. बाहेर पडतात तो एक सावळी ग्रामीण स्त्री उजवा पाय पुढे टाकून भिंतीवर गोवऱ्या थापीत उभी! परपुरुषाला अवचित पाहून तिने लाजेने जीभ चावली. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न गौण आहे. विश्वसंहारिणीच्या मूर्तीसाठी लोककल्पनेने शेणाने हात भरलेली एक श्रमजीवी बाई निवडली, हे महत्त्वाचे.

कारण तोपर्यंत ही उपासना मूठभरांची होती. तांत्रिक साधना अमावास्येच्या रात्री, श्मशानात, गुरूच्या दीक्षेने आणि गुप्ततेच्या शपथेने चाले. मद्यमांसादी पंचमकार, शवसाधना, सांकेतिक भाषा या सर्वांमागे एक सूत्र होते, ते असे की, ज्याची किळस किंवा भीती वाटते त्याच्यासमोर जाऊन बसल्यावाचून मनाचे बंध तुटत नाहीत. सूत्र म्हणून ते तुच्छ लेखण्यासारखे नाही. परंतु ज्ञान गुप्त ठेवले की त्याची टंचाई निर्माण होते, आणि टंचाई निर्माण झाली की तिचा मक्तेदार निर्माण होतो, हा बाजाराचा नियम श्मशानातही लागू पडतो.

ही मक्तेदारी मोडणारा माणूस कोणी पंडित नव्हता. तो एक कारकून होता. रामप्रसाद सेन याचा जन्म १७२० च्या सुमारास हुगळीच्या काठी कुमारहट्ट येथे, म्हणजे आजच्या हालीशहर परिसरात झाला. वडिलांच्या पश्चात संसाराचा भार पडल्यामुळे त्याने कलकत्त्यास एका धनिकाच्या पेढीवर हिशेब लिहिण्याची नोकरी धरली. परंपरा अशी सांगते की, जमाखर्चाच्या वहीत तो कालीची पदे लिहून ठेवू लागला. वरिष्ठाने वही मालकापुढे नेली. मालकाने जगन्मातेकडे तिच्या खजिन्याची राखणदारी मागणारे पद वाचले, आणि नोकरीवरून काढण्याऐवजी दरमहा तीस रुपये बांधून देऊन त्याला घरी पाठविले. (आजच्या कारकून वाचकांनी हा प्रयोग करून पाहू नये!) पुढे नदियाचा राजा कृष्णचंद्र याने त्याला करमुक्त जमीन आणि ‘कविरंजन’ ही पदवी दिली.

रामप्रसादाची पदे तांत्रिक परिभाषेने भरलेली आहेत, परंतु त्यांतील प्रतिमासृष्टी कचेरीची आणि शेताची आहे. डोळे बांधून घाण्याभोवती फिरणारा बैल, मशागतीवाचून पडीक राहिलेली मनाची जमीन, कर्ज, वसुली, फिर्याद, हुकूमनामा हे त्यातील विषय आहेत. तो देवीची स्तुती करतो त्याहून अधिक तिच्याशी भांडतो. कोणाला ऐश्वर्य आणि कोणी मिठालाही महाग, हा कुठला न्याय, असा जाब तो विचारतो आणि आई म्हणवून घेतेस मग आईसारखी वाग, असे बजावतो. आपल्याकडे नामदेवांनी आणि जनाबाईंनी विठ्ठलाशी जे सलगीचे भांडण मांडले, त्याची आठवण व्हावी अशीच ही रीत आहे. फरक एवढाच की विठ्ठल विटेवर शांत उभा आहे, आणि येथे समोर रक्ताळलेले खड्ग आहे.

हे भांडण ज्या काळात गायिले गेले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी पश्चिम बंगाल होरपळला. तेथील अंगाईगीतांत ‘बर्गी’ या नावाने मराठी स्वारांचे भय आजही शिल्लक आहे, आणि मराठी वाचकाने ते विसरणे बरे नव्हे. १७६५ मध्ये दिवाणी कंपनीच्या हाती गेली. पाऊस चुकला आणि १७७० मध्ये महादुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये संचालकांना जे लिहिले ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. प्रांतातील निदान एकतृतीयांश माणसे मेली, आणि तरीही १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा अधिक भरली! हे कसे साधले, तर अनेक कारणांपैकी एक म्हणजे ‘नाजई’ : जो शेजारी मेला किंवा परागंदा झाला, त्याचा सारा जिवंत राहिलेल्यांनी भरावयाचा. रामप्रसादाची पदे या दुष्काळाची निर्मिती होत असे मी म्हणत नाही. त्यांतील बरीचशी त्यापूर्वीची असावीत. पण ती ज्यांच्या ओठी रुळली, त्यांना श्मशान शोधण्यासाठी अमावास्येची वाट पाहावी लागत नव्हती. ज्या भयाशी तांत्रिक मुद्दाम भेट घडवून आणीत, ते भय त्यांच्या दाराशी वसुलीचा कागद घेऊन उभे होते. अशा लोकांना केवळ गोजिरी देवता पुरली नसती. भयाला चेहरा हवा होता, आणि त्या चेहऱ्याला ‘आई’ म्हणून जाब विचारता यावयास हवा होता.

या नात्याचा राजकीय अर्थ एका सरकारी अधिकाऱ्यानेच सांगितला. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्याच दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर रचलेली त्यांची ‘आनंदमठ’ ही कादंबरी १८८२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीत संन्यासी महेंद्राला मातेची तीन रूपे दाखवितात. पूर्वीची जगद्धात्री, पुढे होणारी दुर्गा, आणि मध्ये वर्तमानातली काली. ती नग्न का, तर सर्वस्व लुटले गेले म्हणून. मुंडमाळा का, तर देशाचे श्मशान झाले म्हणून. तंत्राने ज्याला दिशांचे वस्त्र म्हटले, त्याला बंकिमचंद्रांनी दारिद्र्य म्हटले. दादाभाई नौरोजी आकड्यांनी जे सिद्ध करीत होते, ते या एका मूर्तीने निरक्षरालाही कळण्याजोगे केले. आणि राणी रासमणीचे काय? शूद्र मानल्या गेलेल्या कैवर्त कुळातील या विधवेने, हुगळीतील मासेमारीवर कर बसताच नदीचा पट्टा कंपनीकडून मक्त्याने घेऊन साखळ्यांनी अडविला आणि कर मागे घ्यावयास लावला, असे सांगतात. १८५५ मध्ये दक्षिणेश्वरचे कालीमंदिर उभे राहिले ते तिच्याच पैशातून. आणि तिच्या जातीमुळे तेथे पुजारी मिळण्यास अडचण पडली, म्हणून ज्या घराण्याचा प्रवेश झाला त्यातले धाकटे बंधू म्हणजे रामकृष्ण.

पाश्चात्त्यांनी या देवीचे काय केले, ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. ज्या मेडोज टेलरने पुढे नळदुर्गास कारभार पाहिला, त्याच्या १८३९ च्या ठगांवरील कादंबरीने भवानी आणि काली यांना गळफास लावणाऱ्यांची कुलदेवता ठरविले. उलट कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अव्हॅलॉन या नावाने तंत्रग्रंथ इंग्रजीत आणून तिला प्रतिष्ठा दिली. त्यानंतर तेथील गूढविद्येच्या हौशी मंडळींनी तिला विनाशशक्तीचे चिन्ह म्हणून उचलले, १९७० च्या सुमारास तिच्या जिभेवरून एका इंग्रजी वाद्यवृंदाचे बोधचिन्ह सुचले, आणि १९८४ मध्ये हॉलिवूडने तिच्यापुढे माणसाचे काळीज उपटून काढण्याचा देखावा रंगविला. या सर्व व्यवहारात आई तेवढी गळाली.

मात्र या बाबतीत परकीयांकडे बोट दाखविण्याचा आपला अधिकार फारसा मोठा नाही. रेल्वेच्या डब्यात चिकटविलेल्या जाहिरातींत नोकरी, विवाह, कोर्टकचेरी, शत्रुनाश यांची हमी देणारे जे ‘कालीउपासक’ आढळतात, ते रामप्रसादाने उघडे केलेले गुपित पुन्हा कुलूपबंद करून विकत असतात. त्यांचे गिऱ्हाईक मूर्खच असते असे समजू नये. बहुधा ते सर्व सरळ दारे ठोठावून थकलेले असते. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये आणि नरबळी यांना शिक्षा सांगणारा कायदा महाराष्ट्राला २०१३ मध्ये करावा लागला, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतरच त्याचा वटहुकूम निघाला. ज्या देवीचे उजवे हात अभय देतात, तिच्या नावाने आपण भयाचा धंदा चालू दिला, असा याचा अर्थ होतो.

याच महाराष्ट्रात चंद्रपूरला महाकालीची चैत्रयात्रा भरते. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आलेले शेतकरी, मजूर, पोतराज झरपट नदीच्या काठी उतरतात आणि देवीची गाणी म्हणतात. तेथे दीक्षा लागत नाही, शपथ लागत नाही. अभ्यासकांनी त्या गाण्यांतील मागणी आणि तक्रार एकदा रामप्रसादाच्या पदांशेजारी ठेवून पाहावी.