‘डॅड’च्या छापात न मावणारे ‘काका’

अमेरिकेने १९७२ साली कायद्याने कायम केलेला पितृदिन आता मराठी शहरांतील दुकानांपर्यंत पोहोचला आहे. शुभेच्छापत्रांवर मात्र ‘डॅड’, फार तर ‘बाबा’. एकत्र कुटुंबात चुलत भावंडांचे ऐकून जन्मदात्यालाच ‘काका’ म्हणणाऱ्यांनी, आजोबांना ‘अण्णा’ म्हणणाऱ्या नातवंडांनी काय घ्यावे? ‘काका’ छापलेले पत्र घ्यावे, तर आतला मजकूर पुतण्याचा! दोष दुकानदाराचा नव्हे. मांडणीचा खर्च हजारो प्रतींवर विभागला तरच छपाई स्वस्त पडते, आणि घरोघरची हाक ही पडली विखुरलेली मागणी. संगणकामुळे एकच प्रत छापून मिळते खरी, पण जादा दामाने. साध्या पोस्टकार्डावरील मायन्याला ही अडचण कधीच नव्हती. ‘तीर्थरूप काका’ म्हणजे वडील. ‘तीर्थस्वरूप काका’ म्हणजे चुलते.